जुन्या गाडीच्या काळ्या पट्ट्यांचे पोपडे निघत असतील तर: घरी रंगवायची पूर्ण पद्धत, नागपूरच्या उन्हाचा हिशोब धरून

गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की बॉडीचा रंग एक वेळ पॉलिशने चमकवता येतो, पण खिडक्यांभोवतीच्या काळ्या पट्ट्या, काचेखालची पट्टी, छताच्या कडेची गटरवाली पट्टी, वायपरचे आर्म, यांचे पोपडे निघायला लागले की अख्खी गाडी थकलेली दिसते. आपल्या नागपुरात तर हे जरा लवकरच होतं. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असताना उन्हातल्या गाडीच्या काळ्या पट्टीला हात लावून पाहा, ठेवता येत नाही, आणि तीच पट्टी जानेवारीच्या पहाटे गार पडलेली असते. धातू फुगतो, आकसतो, वरचा रंग मात्र उन्हाने कडक झालेला असतो, त्याला तेवढं ताणणं जमत नाही, मग कुठेतरी बारीक चीर पडते आणि पावसाळ्यात त्या चिरेतून पाणी आत शिरलं की रंग आतल्या आत सुटत जातो.

हे काम घरच्या पोर्चमध्ये होण्यासारखं आहे. दोन सुट्टीचे दिवस आणि थोडा धीर लागतो. मी माझ्या गाडीचं केलं, नंतर घरातल्या बाकीच्यांच्या गाड्यांचंही केलं, आणि आता ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतच असतं म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: दुकानात जाऊन आपण काळा रंग कोणता चांगला हे विचारत बसतो, पण रंग टिकणार की नाही हे खाली कोणता धातू आहे आणि त्याला कोणतं प्रायमर धरतं यावरच ठरतं.

१. आधी हे पाहा की तो रंगच आहे का

बऱ्याच गाड्यांत दोन दारांमधल्या खांबावर आणि खिडकीच्या चौकटीवर काळा रंग नसतोच, काळी विनाइल टेप चिकटवलेली असते. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. नखाने कडा उचलून पाहा. रंग असेल तर छोटे छोटे कडक तुकडे उडतात, टेप असेल तर रबरासारखा लवचिक पापुद्रा लांबपर्यंत ओढला जातो. टेप निघाली तर घासायच्या भानगडीत पडू नका, हेअर ड्रायरने कोमट करून हळूहळू ओढून काढा, राहिलेला चिकटपणा साफ करा आणि नवीन टेप लावा, खाली बॉडीचा रंग शाबूत असतो. टेपवरून रंग मारला तर थोड्या दिवसांत दोन्ही सोबतच सुटतात.

आणि जुनी पद्मिनी किंवा अँबेसेडर असेल, ज्याच्या क्रोमच्या पट्टीवर कोणीतरी मधे काळा रंग मारून ठेवलाय, तर तो रंग काढून क्रोमच पॉलिश करा. क्रोमवर रंग धरत नाही.

२. धातू ओळखा

घरातला एक लोहचुंबक घ्या, फ्रिजवर लावतो तोही चालतो.

चिकटला आणि पोपड्याखाली तांबूस गंज दिसतोय, म्हणजे साधं लोखंड, स्टील. चिकटला नाही, पट्टी हलकी आहे, टाचणीने मागच्या बाजूला ओरखडा सहज उठतो आणि पोपड्याखाली पांढरी भुकटी दिसते, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. ती पांढरी भुकटी म्हणजेच त्याचा गंज समजा. तिसरा प्रकार स्टेनलेसचा, खाली चकचकीत, गंज नाही, टाचणीला दाद देत नाही. इथे चुंबकावर भरवसा ठेवू नका, पट्ट्यांसाठी वापरतात त्यातल्या काही स्टेनलेसला चुंबक चिकटतो आणि काहींना चिकटत नाही. चुंबक चिकटला म्हणजे लोखंडच असं धरून चालू नका, पोपड्याखालचा धातू कसा दिसतो ते पाहूनच ठरवा.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण दुकानदार प्रायमर मागितलं की सरळ रेड ऑक्साइडचा डबा हातात देतो, तेच गेटला, तेच ग्रिलला. लोखंडाला ते एक वेळ धरतं, पण वरच्या स्प्रेशी जुळत नाही, ते पुढे दहाव्या भागात येतं. अ‍ॅल्युमिनियमला, स्टेनलेसला किंवा जस्ताचा थर असलेल्या पत्र्याला ते धरत नाही, वर्षभरात पोपडे परत. या चकचकीत धातूंना एचिंग प्रायमर लागतं, ज्यात थोडं अ‍ॅसिड असतं आणि ते धातूच्या पृष्ठभागाला पकडतं. पेंटच्या दुकानात याला वॉश प्रायमर म्हणतात, ते सहसा दोन डब्यांत येतं, प्रायमर वेगळं आणि अ‍ॅक्टिव्हेटर वेगळा. स्प्रे कॅनमध्येही मिळतं. दुसरा पर्याय इपॉक्सी प्रायमर, तो लोखंडालाही चालतो आणि अ‍ॅल्युमिनियमलाही. पण दोघांपैकी एकच घ्या. एचिंगवर इपॉक्सी चढवायचं नाही, डब्यावर तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच.

३. सामान

हार्डवेअरचं सगळं इतवारीच्या बाजारात एका फेरीत मिळून जातं, रंग-प्रायमर मात्र गाड्यांच्या पेंटच्या दुकानातून घ्या, घरांच्या रंगाच्या नाही.

- वॉटर पेपर, म्हणजे घासायचा सँडपेपर: १८०, ३२०, ४०० आणि ६०० नंबर, प्रत्येकी दोन-तीन शीट
- स्कॉच-ब्राइट, मरून रंगाचं असेल तर उत्तम
- प्लॅस्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड, पोपडे उचलायला
- धातूप्रमाणे प्रायमर, एक कॅन
- सॅटिन ब्लॅक स्प्रे, ४०० एमएलचा एक कॅन चारही दारांच्या पट्ट्यांना पुरतो
- गाड्यांसाठीचा मास्किंग टेप, १८ किंवा २४ एमएम
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, किंवा पेंटवाल्याकडचं वॅक्स-ग्रीस रिमूव्हर
- सुती दोरी किंवा नायलॉनची सुतळी, साधारण ३-४ एमएम जाडीची, आठ-दहा मीटर
- लोखंड असेल तर रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज जागीच थांबवणारं द्रावण
- नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, आणि केमिकलच्या वासासाठी असतो तो कार्बन फिल्टरवाला मास्क

मास्किंग टेपमध्ये पैसे वाचवू नका. सुतारकामाचा स्वस्त पिवळा टेप उन्हात भाजून निघतो, त्याचा चिकटपणा काचेवर आणि बॉडीवर राहतो आणि कडेने रंग आत झिरपतो. सॅटिनच का, तर कंपनीतून आलेल्या पट्ट्या बहुतेक अर्धवट चमकीच्याच असतात. पूर्ण मॅट मारलं तर धूळ धरते आणि बोटांचे ठसे दिसतात, ग्लॉस मारलं तर खालचा प्रत्येक ओरखडा दिसतो.

४. दिवस आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. फक्त सकाळी घाई नको, धातूवर दव असतं, ऊन जरा वर येऊन पट्टी कोरडी आणि किंचित कोमट झाली की दहाच्या पुढे सुरू करा आणि तीन-चारच्या आत शेवटचा हात मारून मोकळे व्हा.

उन्हाळ्यात करायचंच असेल तर उलटं, सकाळी सहा ते आठ आणि तेही सावलीत. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, तर बिलकुल नको. तापलेल्या हवेत स्प्रेचे थेंब पट्टीवर पोहोचायच्या आधीच वाळतात आणि पृष्ठभाग वॉटर पेपरसारखा खरखरीत होतो. आणखी एक, जे आपल्याकडेच जास्त घडतं: पोर्चच्या खिडकीत डेझर्ट कूलर चालू असतो आणि त्याची ओली हवा कामाच्या जागेपर्यंत येत असते. दमट हवेत लॅकरचा (झटपट वाळणाऱ्या स्प्रेचा) रंग वाळला की त्याच्यावर पांढुरकी झाक येते, काळा रंग राखाडी दिसतो. तेवढा वेळ कूलर बंद ठेवायला घरच्यांना आधीच सांगून ठेवा. जून मध्यापासून सप्टेंबरपर्यंत याच कारणाने हे काम हातात घेऊ नका.

सुरू करायच्या अर्धा-पाऊण तास आधी फरशीवर हलका सडा मारा, धूळ खाली बसते. पाणी साचू देऊ नका.

५. पट्टी काढायची का गाडीवरच रंगवायची?

स्क्रूने बसवलेली असेल तर काढा, काम सोपं होतं. क्लिपची असेल तर जपून. जुन्या गाडीच्या क्लिपा उन्हाने ठिसूळ झालेल्या असतात, म्हणून पट्टी काढायच्या आधी नवीन क्लिपा हातात असू द्या, आधी काढून मग शोधायला निघालात तर गाडी आठवडाभर तशीच उभी राहील. अ‍ॅल्युमिनियमची लांब पट्टी एका टोकाने ओढली की मधे मुडपते आणि तो मुडपा परत सरळ होत नाही, तेव्हा एकेका क्लिपपाशी प्लॅस्टिकची पट्टी घालून थोडं थोडं उचला. जराही अडतंय असं वाटलं तर सोडून द्या आणि गाडीवरच मास्किंग करून रंगवा, तेही छान होतं.

पहिल्यांदाच करत असाल तर वायपरच्या आर्मपासून सुरुवात करा असं मी आग्रहाने सांगेन. लोखंडाचे असतात, एका नटवर निघतात, छोटे असतात आणि बिघडलं तर परत घासता येतं. काढण्याआधी काचेवर वायपर जिथे थांबतो तिथे टेपचा एक तुकडा लावून खूण करा, नाहीतर परत बसवताना जागा चुकते. आणि आर्म काढलेला असताना वायपरचं बटण कोणी दाबणार नाही एवढं पाहा.

६. धुवा आणि तेलकटपणा काढा, घासायच्या आधी

हा क्रम लोक उलटा करतात. आधी घासलं तर पट्टीवरचं मेण आणि पॉलिश पेपरसोबत धातूच्या ओरखड्यांमध्ये जाऊन बसतं. आपल्याकडे वॉशिंग सेंटरवाले टायरला, डॅशबोर्डला आणि जाता जाता काळ्या पट्ट्यांनाही चमकदार पॉलिश फासतात, त्यात सिलिकॉन असतं. सिलिकॉनवर रंग पडला की तो मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, कितीही हात मारा ते बुजत नाहीत.

साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा, मग स्वच्छ सुती कापड अल्कोहोलने ओलं करून एका दिशेने पुसा, लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसून घ्या. कापड दर हातभर अंतरावर पालटा. रॉकेल किंवा पेट्रोल अजिबात नको, रॉकेलचा तेलकट थर राहतो आणि पेट्रोलला आग धरायला ठिणगी पुरते. थिनरही नको, तो शेजारचा बॉडीचा रंग आणि रबर दोन्ही खातो.

७. जुना रंग काढणं

अर्ध्याहून जास्त वेळ इथेच जातो आणि जाऊ द्या.

आधी प्लॅस्टिकच्या कार्डाने जेवढं सुटलंय तेवढं सगळं उचला. मग मास्किंग टेपचा तुकडा चांगल्या दिसणाऱ्या रंगावर घट्ट दाबून चिकटवा आणि झटक्याने ओढा. टेपसोबत रंग आला म्हणजे तो भागही आतून सुटलेला आहे, तोही काढा. असं करत जिथे टेपला काहीच येत नाही तिथपर्यंत जा. अर्ध्याहून जास्त पट्टी उघडी पडली तर मग उरलेलाही काढून टाका, तुकड्या-तुकड्याने जोड देत बसण्यापेक्षा ते सोपं जातं.

त्यानंतर १८० चा पेपर, मग ३२०. जिथे जुना घट्ट रंग ठेवलाय तिथे उघडा धातू आणि रंग यांच्यामध्ये एक पायरी असते, ती ४०० ने इतकी उतरती करा की डोळे मिटून बोट फिरवलं तर कळू नये. ही पायरी राहिली तर वर तीन काय पाच हात मारले तरी ती रेघ उन्हात दिसणारच, आणि पुढच्या वेळी रंग तिथूनच सुटायला सुरुवात होणार.

अ‍ॅल्युमिनियमवर लोखंडी तारेचा ब्रश, ड्रिलला लावायचं तारेचं चाक, स्टील वूल, काहीही नको. लोखंडाचे बारीक कण मऊ धातूत रुततात आणि पाणी लागलं की तिथून गंज सुरू होतो. स्कॉच-ब्राइट वापरा. वरती कंपनीचं अ‍ॅनोडाइझिंग असेल तर तो कडक गुळगुळीत थर नीट खरवडल्याशिवाय प्रायमर धरणार नाही, सगळीकडे एकसारखी मंद राखाडी छटा आली पाहिजे.

लोखंडाला पाणी लावून घासलं तर लगेच पुसून वाळवा, नाहीतर चहा पिऊन येईपर्यंत तांबूस झाक येते. मी उघडं लोखंड कोरडंच घासतो, मास्क लावून, कारण जुन्या रंगाची धूळ पोटात-छातीत जाणं चांगलं नाही. लहान मुलं आसपास नकोत. गंजाचे खोल खड्डे असतील तर रस्ट कन्व्हर्टर फक्त त्या खड्ड्यांत ब्रशने लावा, डब्यावर दिलेला वेळ द्या, सांगितलं असेल तर धुवा, वाळवा. त्याच्यावर एचिंग प्रायमर नको, आधीच अ‍ॅसिड आहे, तिथे इपॉक्सी किंवा साधं प्रायमर.

केमिकलचा पेंट रिमूव्हर? पट्टी गाडीवरून काढलेली असेल तरच. गाडीवर एक थेंब रबरावर किंवा बॉडीवर पडला की नुकसान झालंच. हीट गनही काचेजवळ नको, काच तडकते.

८. मास्किंग आणि दोरीची युक्ती

बॉडी आणि काच झाकायला वर्तमानपत्राचे दोन थर किंवा प्लॅस्टिक. एका थरातून रंग झिरपतो. स्प्रेची धूळ लांब उडते, म्हणून नुसती पट्टीच्या बाजूची वीतभर जागा झाकून भागत नाही, अख्खं दार, छताची कड आणि पुढची काच झाका.

खिडकीच्या रबराची कड पट्टीवर टेकलेली असते. रबरावर टेप लावून रंगवलं तर रंग रबराच्या अगदी कडेला थांबतो, रेघ दिसते आणि काही महिन्यांत तिथूनच उचलायला लागतो. त्यासाठी ती सुतळी. रबराची कड कार्डाने उचलत उचलत खाली दोरी सरकवत जा, पूर्ण खिडकीभोवती. रबर दोन-तीन एमएम वर उचललं जातं, मग रबरावर टेप लावा. आता रंग रबराच्या खालपर्यंत जातो आणि दोरी काढली की रबर त्याच्यावर बसतं, जोड दिसतच नाही. गाड्यांचे फार कमी पेंटर एवढी मेहनत घेतात, पण फिनिश कंपनीसारखी हवी असेल तर हे कराच.

मास्किंग झालं की परत एकदा अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर पट्टीला उघडा हात लावू नका.

९. प्रायमर

घासलं त्याच दिवशी मारा. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा थर यायला लागतो, लोखंड रात्रभर ठेवलं तर गंजतं.

एचिंग प्रायमर पातळच हवं, एक-दोन हलके हात, खालचा धातू किंचित दिसत राहिला तरी चालतं. जाड थर उलट ठिसूळ होतो. इपॉक्सी किंवा साधं प्रायमर असेल तर दोन हात, मधे दहा-पंधरा मिनिटं. वाळलं की ६०० ने अगदी हलकं कोरडं घासा, पाणी नको, प्रायमर पाणी शोषून घेतं. आणि नुसतं प्रायमर मारून गाडी बाहेर दवात ठेवू नका, त्याच कारणाने.

१०. काळा रंग

कॅन आतली गोळी वाजायला लागल्यापासून पुढे दोन मिनिटं हलवा, खरंच दोन मिनिटं, घड्याळ लावून. आधी पुठ्ठ्यावर मारून पाहा.

२०-२५ सेंटीमीटर अंतर. हात पट्टीच्या बाहेर असताना बटण दाबा, पट्टीवरून एकसारख्या वेगाने न्या, पट्टी संपल्यावर सोडा. पहिला हात इतका हलका की प्रायमर दिसत राहील, त्याला नुसता धुरकट थर समजा, पुढच्या हाताला धरायला तोच कामी येतो. दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा, तिसऱ्यात पूर्ण काळं होतं. एकाच हातात काळं करायला गेलात की ओघळ येणार, उभ्या पट्टीवर तर नक्कीच. ओघळ आलाच तर बोट लावू नका, पूर्ण वाळू द्या, दुसऱ्या दिवशी ६०० ने सपाट करून परत हलका हात मारा.

इथला मोठा सापळा म्हणजे दोन जातींचे रंग एकावर एक. घरी गेटचा सिंथेटिक इनॅमल उरलेला असतो, तो किंवा रेड ऑक्साइड खाली मारलं आणि वर लॅकरचा स्प्रे मारला तर खालचा थर सुरकुततो, पाहता पाहता वर उचलला जातो. प्रायमर आणि रंग शक्यतो एकाच कंपनीचे घ्या, आणि डब्यावर दोन हातांमधला वेळ दिलेला असतो तो पाळा. काही रंगांना एका तासाच्या आत पुढचा हात चालतो आणि तो तास गेला की मग २४ तास थांबावं लागतं, मधल्या वेळात मारलं की सुरकुत्या.

वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारायची गरज सॅटिनला नाही. कोणी हार्डनरवाला टू-के क्लिअर सुचवला तर लक्षात ठेवा, त्यात आयसोसायनेट असतं, श्वासातून गेलं तर दम्यासारखा कायमचा त्रास होऊ शकतो, साधा धुळीचा मास्क त्याला काहीच अडवत नाही. ते काम ताजी हवा पुरवणारा मास्क असलेल्या पेंट बूथवाल्याकडे सोडा.

११. टेप काढणं आणि वाळवणं

शेवटच्या हातानंतर दहा-पंधरा मिनिटांनी, रंग अजून किंचित चिकट असताना टेप काढा, स्वतःवरच उलटा दुमडून, रंगाच्या कडेपासून लांब ओढत. पूर्ण वाळल्यावर काढलं तर टेपसोबत रंगाची कड तुटून येते. तशी वेळ आलीच तर कडेवरून नवीन ब्लेड हलकं फिरवून मग ओढा. दोरी मात्र दोन-तीन तासांनी काढा, नाहीतर रबर ओल्या रंगाला चिकटतं.

दिवसभर काच खाली-वर करू नका. आठवडाभर गाडी धुऊ नका, प्रेशरचा फवारा तर पंधरा-वीस दिवस लांबच ठेवा. मेण, पॉलिश महिनाभर नको, आणि सॅटिनला नंतरही नको, घासून ती जागा चमकते आणि डाग पडल्यासारखी दिसते. नुसतं साबणाचं पाणी आणि मऊ कापड. वॉशिंग सेंटरला दिली तर काळ्या पट्ट्यांना पॉलिश लावू नका असं सांगून ठेवा.

पुढे कुठे खडा लागून टवका उडाला तर तो पावसाळ्याच्या आत भरा. कॅनमधला रंग झाकणात थोडा फवारून काडीने किंवा बारीक ब्रशने टेकवला तरी पुरतो. त्यासाठी उरलेला कॅन जपून ठेवायचा, उलटा धरून नळीतून नुसती हवा येईपर्यंत फवारायचा म्हणजे नोझल तुंबत नाही, आणि घरात सावलीत ठेवायचा. डिकीत नाही. कॅनवर ५० डिग्रीच्या वर नेऊ नका असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे उन्हात उभ्या बंद गाडीत तेवढं तापमान एप्रिलमध्येच होऊन जातं.